बरा करून पाठवलेला मुलगा

कळंब

कळंबला मी उतरलो तो देवदर्शनासाठी नाही. एका बाईनं घातलेली अट पुरी करायची होती.

पुण्याहून वर्ध्यापर्यंतची रेल्वे आणि पुढची एसटी यांत सांगण्यासारखं काही नाही. दसरा नुकताच होऊन गेला होता. बस यवतमाळ जिल्ह्यात शिरली तशी रस्त्याची एक बाजू लोकांनी वाळायला टाकलेल्या सोयाबीननं भरलेली दिसू लागली, आणि ड्रायव्हर शिव्या देत उरलेल्या बाजूनं गाडी काढू लागला. पुण्यात माझ्या मुलीच्या सोसायटीत जिन्यात चप्पल राहिली तरी कोणी तरी तक्रार करतं. इथं अर्ध्या महामार्गाचं खळं झालं होतं आणि शिव्या देणाऱ्या ड्रायव्हरलाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

मी यवतमाळात आयुष्यभर लहान मुलांचा डॉक्टर होतो. हात कापायला लागले तसा दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेलो. तिथं मला वसराम राठोडचा फोन आला. वसराम हा उमरखेड तालुक्यात ढाणकीच्या पलीकडे एका बंजारा तांड्यावर राहणारा शेतकरी. त्याचा मुलगा आकाश जन्मापासून रडला की निळा पडायचा. हृदयात छिद्र होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद होती. मी त्याला नागपूरला पाठवलं, तिथं ऑपरेशन झालं. तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. आता एकोणीस वर्षांचा आहे.

"साहेब, तुमाले यावंच लागते," वसराम म्हणाला. "आकाशनं फवारा मारला अन् धनसिंगची पराटी जळली. समदे म्हन्तेत मुद्दाम मारला. तांड्यात बैठक बसनार हाय."

पराटी म्हणजे कपाशी. धनसिंग हा वसरामचा थोरला चुलतभाऊ, वावराला वावर लागून.

"मी येऊन काय सांगू, वसराम?"

"जे हाय ते सांगा. धनसिंग तुमचंच नाव घेऊन राह्यला ना! म्हन्ते, डाक्टरनं समद्याइच्या पुढं सांगतलं होतं का पोट्टा ठणठणीत हाय. ठणठणीत हाय तं पंप धुवाले इसरला कसा?"

मग आकाशच्या आईनं, केसरबाईनं फोन घेतला. "साहेब, यायचं असन तं कळंबहून या," ती म्हणाली. "चिंतामणीले इचारल्याबिगर माह्या घरात त्या दुखण्याचं नाव घेऊ नका."

त्यामागची गोष्ट अशी. मूल घेऊन नागपूरला जाताना एसटी कळंबला थांबली होती आणि केसरबाईनं बसच्या खिडकीतून नवस बोलला होता. ऑपरेशननंतर तिनं तो गुळाचे मोदक वाटून फेडला. तिच्या माहेरची समजूत अशी की नवस फिटला की त्या दुखण्याचा उच्चार करायचा नाही. केला तर देवानं घेतलेलं दुखणं आपण परत मागितल्यासारखं होतं. मला ती समजूत तेव्हा फार सोयीची वाटली होती. "बरोबर आहे," मी म्हणालो होतो, "विसरून जा." इतकी वर्षं त्या घरात त्याच्या हृदयाचा विषय निघाला नव्हता.

देवळाबाहेर दुर्वांची जुडी घेताना फुलवाली म्हणाली, "काय बोलले व्हते बाबाजी? मूलबाळ का कोर्टकचेरी?"

"दुसऱ्याचा नवस आहे. फिटलेला."

"फिटला तं मंग आता कायले आले?"

"तो पुन्हा उघडायचा आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "असं कोनी करते का?" ती म्हणाली आणि सुटे पैसे परत देताना हाताला हात लागू दिला नाही.

कळंबचा हा चिंतामणी गणपती जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, समोर पाण्याचं कुंड. माझे गुडघे आता उतरायला त्रास देतात. भिंतीला हात लावत गेलो. आत दोन बायका आणि एक झोपाळलेला पुजारी होता. मी देवाला मानतो की नाही हे या वयात ठरवायचं राहिलंच आहे. काय मागायचं ते सुचेना. केसरबाईनं सांगितल्याप्रमाणे एवढंच म्हणालो, की उद्या-परवा मी त्या दुखण्याचं नाव घेणार आहे, त्याचा दोष तिच्या घराला नको. वर येताना पायऱ्यांवर तीनचारदा बसलो.

यवतमाळ

यवतमाळच्या स्टँडवर रफिक गाडी घेऊन उभा होता. माझ्या दवाखान्यासमोर याचा बाप ऑटो लावायचा. रफिक आता स्वतःची गाडी भाड्यानं चालवतो. त्यानं माझी पिशवी घेतली आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "काकाजी, बम बारीक झाले तुम्ही. पुन्यात खायला देत नाही का?"

मग तो मला न विचारता तर्री पोहे खायला घेऊन गेला. पोह्यांवर तो लालभडक चण्यांचा रस्सा ओतला की डोळ्यांतून पाणी येतं. पुण्याचे गोडुस पोहे खाऊन खाऊन माझी जीभ मेली होती. दोन घासांत ठसका लागला. रफिक पाठीवर थापट्या मारत मालकाला ओरडला, "अरे, डाक्टरले मारतं का बे!"

माझ्या दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी आत गेलो नाही. समोरच्या फुटपाथवर उभं राहून मात्र मला जे आठवलं ते लिहायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एखादं मूल ऑपरेशन होऊन आलं की मी महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या गावी जायचो. पेढ्यांचा डबा न्यायचो. लोक जमले की मुलाला त्यांच्यासमोर पळायला लावायचो. ज्या पोराला चार पावलांत धाप लागायची ते पळत जाऊन झाडाला हात लावून यायचं. मग मी मोठ्यानं म्हणायचो, "हा आता तुमच्या बाकीच्या पोरांसारखा. काही कमी नाही. दुखणं विसरून जा." बायका रडायच्या. मला ते फार आवडायचं. त्यामागे कारणही होतं. नाही असं नाही. या मुलांना लोक काचेच्या भांड्यासारखं जपायचे, शाळेत धाडायचे नाहीत, मुलगी असेल तर तिच्या छातीवरच्या व्रणापायी तिचं लग्न जुळायचं नाही. म्हणून चारचौघांत सांगायचं.

पण त्या काळातच मी एका परिषदेत बसून ऐकलं होतं, की अशा मुलांचं दुखणं हृदयापाशी संपत नाही. आईच्या पोटात असल्यापासून त्यांच्या मेंदूला मिळणारं रक्त आणि प्राणवायू कमी पडतो. काहींचा मेंदू जन्माच्या वेळी थोडा मागं असतो. पुढे ऑपरेशन, त्यात हृदयाऐवजी चालणारं मशीन, अतिदक्षता विभागातले दिवस, त्यांचाही परिणाम होतो. सगळ्यांवर होतो असं नाही. बरीच मुलं शिकतात, नोकरीला लागतात. पण काहींना एका वेळी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवणं, कामाचा क्रम लावणं, लक्ष टिकवणं जड जातं. हे पाळण्यात दिसत नाही. मूल बोलतं छान, हसतं छान. चौथी-पाचवीनंतर, जेव्हा शाळा आणि घर त्याला एकाच वेळी चार गोष्टी सांगू लागतात, तेव्हा दिसू लागतं. आणि तेव्हा घरचे म्हणतात, पोरगं आळशी आहे.

सभागृहातून बाहेर येताना मी ठरवलं, की हे आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या आईबापांना सांगायचं नाही. घाबरतील, ऑपरेशनलाच नाही म्हणतील. तो विचार पहिल्या वर्षी तरी प्रामाणिक होता. पुढे मात्र मला त्या पळणाऱ्या मुलांची आणि रडणाऱ्या बायकांची सवय झाली होती, आणि तो खेळ मोडायची इच्छा नव्हती. ऑपरेशन झाल्यावर सांगता आलं असतं. कोणी अडवलं नव्हतं.

"काकाजी," रफिक म्हणाला, "दुकानात काही घ्यायचं हाय का? तवापासून पाहून राह्यले."

"नाही. चल."

ढाणकी

दुसऱ्या दिवशी आर्णी, महागाव, उमरखेड करत ढाणकीला पोचलो. पैनगंगेकडच्या बाजूला जमीन काळी आणि खोल होत जाते. कपाशीची बोंडं फुटायला लागली होती, पण यंदा पाऊस लांबला म्हणून खालची बोंडं सडलेली. रफिक काच खाली करून प्रत्येक वावरावर मत देत होता. "हे पाहा, पैशेवाल्याची पराटी. हे पाहा, बायकोच्या भरवशावर सोडलेली."

ढाणकीला बाजार होता. आडत्यांच्या दुकानांपुढे सोयाबीनची पोती घेऊन ट्रॅक्टर रांगेत उभे. आम्ही एका खानावळीत भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली. तिथं वसराम आम्हाला घ्यायला आला. मी ओळखलं नाही. माझ्या आठवणीतला वसराम काळ्याभोर मिशांचा होता. हा माझ्याइतकाच म्हातारा दिसत होता. पाया पडला. त्याच्या हाताचं एक बोट सुजून वाकडं झालं होतं.

"हे काय?"

"लागलं." मग थोड्या वेळानं भाकरीकडे बघत म्हणाला, "पोट्ट्याले मारताना खांबावर आदळलं."

फवाऱ्याचं सगळं त्यानंच न विचारता सांगितलं. तांड्यात फवारणीचा पंप दोघा-तिघांत मिळून असतो, आणि ज्या दिवशी ज्याच्याकडे पंप त्यानं शेजाऱ्याचं वावरही उरकायचं अशी रीत. पहिला मान थोरल्याच्या वावराचा. आदल्या दिवशी त्याच पंपातून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारलं होतं. वसरामनं आकाशला सकाळी सांगितलं: पंप सोडा टाकून धू, मग औषध मापून टाक, मग धनसिंगच्या वावरापासून सुरू कर, मग आपल्या. आकाशनं धनसिंगच्या वावरापासून सुरू केलं. पंप धुतला नाही. तळाशी राहिलेलं तणनाशक पहिल्या टाक्यांतून सगळं धनसिंगच्या कपाशीवर गेलं. आठवडाभरात पानं आकसून पंजासारखी वळली, फुलं गळाली. वसरामच्या वावरापर्यंत येईतो पंप आपोआप धुतला गेला होता. त्याची कपाशी उभी आहे.

"अन् आदल्या दिवशी धनसिंगनं त्याले हापशीवर समद्याइपुढं म्हन्लं व्हतं, का दहावी नापास ते नापास, बैल बी दोन खेपांत वाट शिकते. आता सांगा साहेब, कोन इश्वास ठेवन?"

"तुझा आहे?"

वसरामनं पाण्याचा गिलास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "बोलाले लागला तं वकिलासारखा बोलते, साहेब. नकला करते. गाणं एकदा ऐकलं का पाठ. मंग माह्यंच सांगतलेलं काहून इसरते? मले वाटते, त्याले माह्यं ऐकाचंच नसते."

बापाला वर्षानुवर्षं असं वाटत आलं होतं. ते ज्यानं दूर करायला हवं होतं तो त्याच्या समोर बसून भाकर खात होता.

तांडा

तांड्याच्या मधोमध कडुलिंब आहे. याच झाडापर्यंत मी आकाशला पळवलं होतं. भोवती आता स्लॅबची घरं झालीत, एकदोन अंगणांत गाड्या उभ्या आहेत. केसरबाईनं मला खाट टाकली. "इचारलं का?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. मी आणलेल्या कळंबच्या दुर्वा तिनं पदराला बांधल्या.

आकाश गोठ्यामागून आला. उंच, हसरा, दाढी नुकती फुटलेली. कपाळावर बरा होत आलेला व्रण. माझ्या पाया पडून तो मला बघतच राहिला आणि मग माझी नक्कल करून म्हणाला, "जीभ काढ. आऽऽ कर. शाब्बास!" हुबेहूब मीच. त्याची धाकटी बहीण पूजा दारात तोंडाला ओढणी लावून हसली. केसरबाई गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, काहीतरी रागावली. बंजारा घरात आईला याडी म्हणतात. "याडी, डाक्टर आपल्या घरचेच हाय," तो म्हणाला, आणि मला, "तुम्हाले राग नाही ना आला, साहेब?"

मी सहज म्हणून त्याला सांगितलं, आकाश, मला पाणी दे, येताना माझा चष्मा गाडीतून आण, आणि रफिकला सांग गाडी सावलीत लाव. तो पाणी घेऊन आला. माझ्यासमोर उभा राहिला. मी पाणी प्यायलो. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्यासारखं आलं, मग त्यानं ते हसून झाकलं. ती हसण्याची सवय जुनी होती. शाळेत असल्या हसण्यालाच मार मिळाला असणार.

"दुसरं काही सांगतलं व्हतं ना?" तो हळूच म्हणाला.

"सांगितलं होतं."

"माह्या डोक्यात एकच शीट हाय, साहेब. दुसरा बसला का पयला उतरते." मग बापाकडे बघून आवाज खाली आणला. "पंप धुवाचा व्हता. मले सोडा सापडला नाही. सोडा पाहाले गेलो अन्..." पुढचं त्याला आठवत नव्हतं. तो आठवायचा प्रयत्न करत राहिला, मी म्हणालो, राहू दे.

मी त्याला तिथंच समजावलं. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. की ही खोड नाही, आळस नाही. लहानपणच्या दुखण्यामुळे त्याच्या डोक्याची काम करायची रीत थोडी वेगळी झाली असणार. नक्की काय आणि किती, ते नागपूरला नीट तपासून कळेल. एका वेळी एक काम, भिंतीवर चित्र, मोबाइलचा गजर, अशा युक्त्यांनी बरंच सुधारता येतं. लहानपणी सुरू केलं असतं तर जास्त. तो फार लक्ष देऊन ऐकत होता. पूजाही ऐकत होती.

"म्हंजे मी मुद्दाम नाही करत," तो म्हणाला. जणू त्यालाच इतके दिवस खात्री नव्हती.

"नाही."

"हे तुमाले तवाच माहीत व्हतं?" हे वसरामनं विचारलं. तो माझ्या मागं येऊन कधी उभा राहिला ते कळलं नव्हतं.

"असं होऊ शकतं हे माहीत होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

मी परिषदेचं, भीतीचं, पेढ्यांचं सगळं सांगितलं. वसरामनं ऐकून घेतलं. मग त्यानं आपलं वाकडं बोट दुसऱ्या हातानं धरलं आणि घरात निघून गेला. केसरबाई म्हणाली, "अशा किती घरी गेले तुम्ही पेढे घेऊन?" आकडा मी ठेवला नव्हता. बऱ्याच.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी बैठक बसली. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, पिकलेल्या दाढीचा शांत माणूस, ओट्यावर बसला होता. पुरुष सतरंजीवर, बायका मागं भिंतीला टेकून. धनसिंग उभा राहून बोलला. जळलेल्या कपाशीची दोन झाडं उपटून आणली होती, ती त्यानं मधोमध ठेवली.

"मी जास्त बोलत नाही," तो म्हणाला. "हा डाक्टर इथं बसून हाय. याच लिंबाखाली यानं सांगतलं व्हतं का हा आता बाकीच्या पोरासारखा. काही कमी नाही. सांगतलं व्हतं का नाही, साहेब?"

"सांगितलं होतं."

"माह्यं पोरगं पंप धुते. नायकाचा नातू धुते. मंग हा काहून नाही धुत?"

मी उभा राहिलो. आयुष्यात शेकडो वेळा चारचौघांत बोललो, पण त्या दिवशी वाक्यं जुळेनात. मी म्हणालो की तेव्हा मी अर्धंच सांगितलं होतं. हृदय बरं झालं होतं, पण हृदयाच्या दुखण्यानं मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो...

"मेंदूवर?" कोणीतरी मध्येच म्हणालं.

"मंग हा येडा हाय का?" धनसिंगनं विचारलं.

"नाही, नाही. वेडा नाही."

"मंग शहाना हाय."

"शहाणा आहे, पण..."

"येडाही नाही, शहानाही नाही. मंग काय हाय, डाक्टरसाहेब? अर्धा-अर्धा?" मागं हशा पिकला. नायकानं हात वर केला तेव्हा थांबला. मी पुन्हा सांगायला लागलो, क्रम, लक्ष, एका वेळी एक गोष्ट. ते शब्द त्यांच्या कानांपर्यंत पोचताना काहीतरी भलतंच होऊन पोचत होते. भिंतीजवळच्या एका म्हातारीनं हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आईच्या पोटातूनच हाय म्हन्ते. मंग त्याच्या बहिनीचं कसं? तिले पाहाले पाहुने येनार व्हते ना?"

पूजा उठून घरात गेली. केसरबाई माझ्याकडे बघत होती. तिचा हात पदरातल्या दुर्वांच्या गाठीवर होता. मी घाईनं म्हणालो की बहिणीचा याच्याशी काही संबंध नाही, पण माझा आवाज आता कोणी ऐकत नव्हतं.

तेव्हा आकाश उठला. तो अजूनही हसत होता, पण ते मघाचं हसणं नव्हतं.

"डाक्टरसाहेब मले वाचवाले खोटं बोलून राह्यले," तो म्हणाला. "माह्यं डोकं एकदम ठीक हाय. काकानं मले हापशीवर बैल म्हन्लं. मले राग आला. मी पंप धुतला नाही. मुद्दाम."

मी म्हणालो, "आकाश, हे खरं नाही." नायकानं मला बसायची खूण केली. "साहेब, पोरगं सोता कबूल करून राह्यलं," तो म्हणाला, अगदी आदरानं.

माझी नजर वसरामकडे गेली. जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कपाळावरची एक आठी सैल झाली होती. मुलगा वाईट निघाला, पण धड निघाला, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. आणि मला त्याला दोष देता येत नाही, कारण हा धडपणा त्याला मीच पेढ्यांबरोबर दिला होता.

निवाडा लवकर झाला. आकाशनं धनसिंगच्या पाया पडायचं आणि या हंगामाला तांड्याबाहेर जायचं. नायकाचा पुतण्या ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे. त्याची टोळी दोनच दिवसांत निघणार होती. आकाशनं वाकून पाय धरले तेव्हा धनसिंगनं त्याला उठवून पाठीवर हात ठेवला. "झालं गेलं," तो म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्याचं पीक गेलं होतं आणि त्याला एक कारण हवं होतं.

मी आकाशला गोठ्याजवळ गाठलं. "असं का केलंस?"

"मुद्दाम केलेलं लोक माफ करते, साहेब," तो म्हणाला. "पाहा, काकानं हात ठेवला ना. येडं असल्याचं कोन माफ करते?" मग थोडं थांबून, "पूजीले पाहुने येऊन राह्यले पुढच्या हप्त्यात."

मी त्याला ऑपरेशनबद्दल सांगितलं, दम लागला, छाती धडधडली तर काम थांबव, वर्षातून एकदा हृदय तपासून घे. तो मान हलवत होता. मी थांबलो आणि फक्त पहिलं वाक्य पुन्हा म्हणालो, दम लागला की थांब. त्याला ते म्हणायला लावलं. त्यानं म्हटलं.

सकाळी निघताना मुकादमालाही भेटलो. गुटखा चघळणारा, चलाख पोरगा. मी त्याला तेच सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, "याला एका वेळी एकच काम सांगत जा."

तो हसला. "फडात दुसरं काम असतेच कुठी, बाबाजी? तोडाचं अन् तोडाचं." टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. "हा एकटा हाय, याले अर्धा कोयता धरू," असं म्हणून त्यानं मोबाइल कानाला लावला.

केसरबाईनं आम्हाला वाटेसाठी फडक्यात बाटी आणि ठेचा बांधून दिला. पाया पडायला वाकली नाही. ते बरोबरच होतं.

परत यवतमाळ

परतीच्या वाटेवर रफिक महागावच्या पुढे म्हणाला, "काकाजी, पोट्ट्यानं केलतं का मुद्दाम?"

"नाही."

"मंग झालं तं. तुम्हाले माहीत हाय."

मला माहीत असून काही होत नाही, म्हणून इथं लिहितो. वसराम राठोडच्या मुलानं पंप मुद्दाम न धुता ठेवला नाही. बैठकीत तो जे बोलला ते खोटं होतं. त्याला ते खोटं बोलावं लागलं, कारण खरं सांगायची वेळ त्याच्या लहानपणी होती, आणि ती मी पेढे वाटण्यात घालवली. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालेलं मूल आहे त्यांनी ऑपरेशन केलं ते उत्तम केलं. त्याबद्दल मनात शंका आणू नका. पण मूल शाळेत मागं पडत असेल, सांगितलेलं विसरत असेल, तर हात उगारण्याआधी त्याला तपासायला न्या. डॉक्टर म्हणेल, सगळं ठीक आहे, विसरून जा. त्याला विचारा, कशावरून.

त्या रात्री रफिकच्या घरी मुक्काम होता. जेवण झाल्यावर त्याच्या ओसरीवर बसून मी मोबाइल काढला. ज्यांच्या घरी पेढे घेऊन गेलो होतो त्यांतली काही नावं अजून त्यात आहेत. पहिलं नाव दिग्रसकडच्या एका बाईचं होतं. तिच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं होतं. पोरगी आता सातवी-आठवीत असेल. बाईनं माझा आवाज लगेच ओळखला.

"अगबाई, डाक्टरसाहेब! किती वर्सानं! पोट्टी एकदम मस्त हाय, तुमच्या कृपेनं. धावते, उड्या मारते, काही नाही आता तिले."

"शाळेत कशी आहे?" मी विचारलं.

पलीकडे टीव्ही चालू होता. कोणीतरी तो बंद केला. मग बाई हळूच म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं, साहेब?"